एका वांग्याचं काय करायचं?

कुंडीतल्या झाडाला एका वेळी एकच वांगं लागतं. फार तर दोन, पण दुसरं सुपारीएवढं. आता घरात माणसं चार. भरली वांगी करायची तर ताटात निदान दोन-दोन पडली पाहिजेत. भरीत करावं तर ते सगळ्यांच्या वाटणीला बोटभर येणार. दुसरं तयार होईपर्यंत वाट पाहावी तर पहिलं जून होतं, बिया कडक होतात. शेवटी ते आमटीत जातं आणि जेवताना मला सांगावं लागतं, "ती फोड घरच्या वांग्याची आहे हं." सगळे मान डोलावतात.

त्यात आम्ही राहतो कोपरखैरण्याला. भायखळ्याचा घाऊक भाजीबाजार १९९६ मध्ये वाशीला आला, तेव्हापासून अख्ख्या मुंबईची भाजी आमच्या दारावरून जाते म्हटलं तरी चालेल. नाशिक, पुणे, सातारा, कुठकुठले ट्रक रात्रभर येत असतात. इतक्या जवळ राहून बाल्कनीत वांगं लावणं हे खाडीकिनारी राहून घरात मिठागर काढण्यासारखं आहे, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. कुंड्या, लाल माती, शेणखत, कोकोपीट, निंबोळी पेंड यांचा हिशेब मांडला तर ते खरंही आहे. म्हणून मी मांडत नाही.

खरा प्रश्न असतो उन्हाचा. आमच्या हॉलची बाल्कनी दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो तेव्हा ऊन पार सोफ्यापर्यंत येतं, आणि टोमॅटो, मिरची, वांगी खुशीत असतात. टोमॅटो तर आपल्याकडे थंडीतच करावा. रात्री उकडायला लागल्या की फुलं येतात आणि तशीच गळून जातात. पण मे उजाडला की गंमत होते. बाहेर डांबर वितळेल असं ऊन आणि बाल्कनीत मात्र सावली! सूर्य डोक्यावर येतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब त्याला अडवतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत तर दुपारचा सूर्य आपल्या अक्षांशावर चक्क उत्तरेला असतो. म्हणजे त्या दिवसांत खरा उजेड स्वयंपाकघरामागच्या, कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत. हे कळल्यापासून आमच्या घरात कुंड्यांची वर्षातून दोनदा वरात निघते. ओल्या मातीची कुंडी काय जड होते ते उचलणाऱ्यालाच ठाऊक, आणि उचलणारे अर्थातच हे.

फुलांचं मात्र मला वेड लागलंय. आम्ही पाचव्या मजल्यावर, तिथे भुंगे-मधमाश्या येतात, पण त्यांच्या लहरीप्रमाणे. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलात नर-मादी एकत्रच असतात, त्यांना फक्त कंप लागतो. भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो तो त्यासाठीच. तो नसेल तेव्हा सकाळी चहाचा कप एका हातात धरून मी फुलांच्या देठावर टिचक्या मारत फिरते. वेलींचं प्रकरण अवघड. त्यांची नरफुलं वेगळी, मादीफुलं वेगळी. मादीफुलाच्या मागे आधीपासूनच इवलंसं फळ असतं, करंगळीच्या नखाएवढं, लव असलेलं. परागकण मिळाले नाहीत तर ते पिवळं पडून सुकतं. नरफूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा भाग मादीफुलावर अलगद फिरवायचा. पण वेळ सांभाळायची. घोसाळ्याची फुलं पहाटे उमलतात, शिराळ्याची संध्याकाळी पाचनंतर. म्हणजे ऑफिसवाल्या बाईने शिराळं लावायचं की घोसाळं, हे तिच्या लोकलच्या वेळेवर ठरतं. मी ट्रान्सहार्बरने ठाण्याला जाते, परत यायला साडेसात होतात. तेव्हा घोसाळंच.

कीड हा विषय मी थोडक्यात उरकते, कारण तिच्यावर बोलायला लागलं की जेवण जात नाही. मिरचीवर मावा येतो, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण. झाडावर मुंग्यांची ये-जा दिसली की पानं उलटून बघावीत. माव्याच्या अंगातून गोड चिकटा निघतो आणि त्याच्या लोभाने मुंग्या त्याची राखण करतात. निंबोळी अर्क साबणाच्या पाण्यात मिसळून ऊन उतरल्यावर फवारायचा, आठवड्याने पुन्हा. कबुतरांवर मात्र औषध नाही. मेथी पेरली की ती येऊन अशी बसतात, जणू त्यांच्यासाठीच गादी घातलीय.

सासूबाई रोह्याकडच्या. त्यांच्या माहेरी पावसाळ्यात परसात मांडव असायचा, त्यावर पडवळ, काकडी, शिराळी. पडवळ वाकडं होऊ नये म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधायचे. माझ्या कुंड्यांकडे त्या खुर्ची टाकून बघत बसतात आणि अधूनमधून म्हणतात, "अगं, जमिनीत लाव." जमीन कुठली? खाली पार्किंग, त्यावर पेव्हर ब्लॉक आणि त्याखाली भरावाचा मुरूम. पण माठाचे शेंडे खुडत राहायचे, मुळापासून उपटायचा नाही, हे त्यांनीच शिकवलं. एका कुंडीचा माठ महिनाभर पुरतो, जर भाजी म्हणजे दोन घास अशी व्याख्या मान्य असेल तर.

पाणी घालण्यावरून चौथ्या मजल्यावरच्या वहिनींशी आमचं थोडं बिनसलं होतं. मोरबे धरणाचं पाणी खालापुरातून इतक्या लांब येतं, आमच्या कुंडीतून झिरपतं आणि वहिनींच्या वाळत घातलेल्या चादरीवर लाल मातीचा ठिपका होऊन पडतं. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. मी मोठ्या ताटल्या आणल्या, पाणी घालायची वेळ रात्रीची केली आणि मूठभर मिरच्या खाली पोचवल्या. मिरच्या त्यांनी ठेवून घेतल्या, पण बोलल्या नाहीत.

यंदा पावसाळ्यात घोसाळ्याचा वेल मागच्या बाल्कनीतून कबुतरजाळीच्या बाहेर पडला आणि वर चढायचा सोडून खाली उतरला. थेट वहिनींच्या ग्रिलमध्ये. तिथे त्याला फळ धरलं. मी वाकून बघितलं तर चांगलं वीतभर, हिरवंगार. ते कोणाचं? मूळ आमच्या कुंडीत, खत आमचं, पण फळ त्यांच्या हद्दीत, आणि परागीभवन तरी मी केलेलं नाही, माझा हात तिथवर पोचतच नाही. मी तुटक्या हँगरने वेल वर ओढता येईल का ते बघत होते, तर खालून सुरीचा आवाज आला.

घोसाळ्याचं एक बरं असतं. पातळ चकत्या केल्या आणि डाळीच्या पिठात बुडवल्या की एका फळाची ताटभर भजी होतात. हे वांग्याला कधी जमणार नाही. अर्ध्या तासाने बेल वाजली. दारात वहिनी, हातात झाकलेली डिश. "गरम आहेत तोवर खाऊन घ्या," म्हणाल्या, "आणि त्या वेलाला अजून दोन मादीफुलं आलीत माझ्याकडे. काय फिरवायचं असतं म्हणे त्यावर?"

मी त्यांना आत घेऊन नरफूल कसं ओळखायचं ते दाखवत होते. तेवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांना हळू बोलता येत नाही, "घोसाळं कोवळं होतं हो, पण ओवा कमी पडलाय."