अठ्ठ्याहत्तरातला एक

जुने टॅरो पत्ते, म्हणजे भविष्य सांगायचे चित्रांचे पत्ते, सापडले म्हणून ज्यांचा फोन येतो, त्यांनी आधी नेट धुंडाळलेलं असतं आणि किंमत लाखात ठरवून ठेवलेली असते. जळगावात माझं जुन्या पुस्तकांचं, कागदांचं दुकान आहे. रद्दीतून नकाशे, कॅलेंडरं, काड्यापेट्यांची लेबलं निवडता निवडता टॅरोचा नाद लागला आणि आता पुण्यामुंबईची मंडळी मला त्यासाठीच ओळखतात. भविष्य मला सांगता येत नाही, ऐकायचीही हौस नाही. छपाई, पुठ्ठा आणि मळ मात्र बरा वाचता येतो.

फोन ऐन मे महिन्यातला. स्टेशनजवळच्या एका जुन्या लॉजच्या मालकांची सून बोलत होती. सासरे वारले होते, लॉज बंद पडलं होतं, इमारत पाडायला दिली होती. "काका, आप्पांच्या पेटीत ते भविष्याचे पत्ते निघालेत. 1909 चे आहेत. पण लवकर या, आई म्हणताहेत तापीत सोडून द्या."

रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं, पण तापीचं नाव ऐकल्यावर संध्याकाळची वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

घरात गड्डी स्टुलावर वर्तमानपत्रात ठेवलेली, आणि सगळे तिच्यापासून चार हात लांब. आजी, म्हणजे सुनेच्या सासूबाई, पारोळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. "भाऊ, हाई लई जा. माले घरमा नको. पैसा बी नको." कारण समोरच होतं. वरच्याच पत्त्यावर पांढऱ्या घोड्यावर बसलेला चिलखती सांगाडा. आप्पांचं दुखणं या पत्त्यांमुळेच आलं, असं शेजारच्या कुणीतरी आजींच्या डोक्यात भरवलं होतं. अशा शेजाऱ्यांची आपल्याकडे कधी टंचाई नसते.

पत्ते आले कुठून, हे सुनेनं सांगितलं. अजिंठा पाहायला येणारे गोरे प्रवासी पूर्वी जळगावला उतरत आणि स्टेशनजवळच मुक्काम करत. त्यातल्या कुणीतरी खोलीच्या भाड्यातले पैसे कमी पडले म्हणून ही गड्डी आप्पांना दिली. आप्पांनी ती पेटीत टाकली, विषय संपला.

गड्डीला गुंडाळलेलं रबरबँड आमच्या उन्हाळ्यात आधी विरघळलं होतं आणि मग वाळून चुन्यासारखं कडक झालं होतं. असं रबर ओढायचं नसतं, ओढलं की छपाईचा पापुद्रा घेऊन येतं. नखानं तुकडा तुकडा टिचकीनं उडवायचा, उरलेलं मऊ खोडरबरानं एकाच दिशेनं पुसायचं. पेट्रोल, थिनर, ओलं फडकं, सगळं वर्ज्य. सून कूलर माझ्याकडे वळवायला लागली, तर तो आधी बंद करायला लावला. पुठ्ठा हा कागदाच्या थरांवर थर चिकटवून झालेला. कोरड्या उन्हाळ्यात आकसलेल्या पत्त्यावर कूलरची ओली हवा आली की एक बाजू जास्त फुगते आणि पत्ता धनुष्य होतो. खान्देशात पत्त्यांचा खरा वैरी पावसाळा नाही, कूलर.

घामानं निथळत तासभर तेच केलं. सांगाड्याच्या कपाळावर एक तपकिरी पट्टा राहिला, तो आता जायचा नाही.

मग वयाचा हिशेब. 1909 हे साल चुकीचं नाही, पण ते चित्रांचं. लंडनच्या विल्यम रायडर अँड सन यांनी त्या वर्षाच्या शेवटी हा संच काढला. कल्पना गूढविद्येचे अभ्यासक आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. एवढ्या कामाचे पैसे फारच थोडे मिळणार, असं तिनं तेव्हाच एका पत्रात लिहून ठेवलंय, आणि 1951 मध्ये ती गेली तेव्हा तिच्याकडे काही उरलं नव्हतं. तिची वळणदार सही चित्रांच्या कोपऱ्यात असते, ती पाहूनच लोक पहिल्या आवृत्तीची स्वप्नं पाहतात. पण या पत्त्यांच्या कडेला बारीक अक्षरात यू. एस. गेम्स या अमेरिकन कंपनीचं नाव आणि 1971 होतं. तेही छपाईचं साल नव्हे, हक्काचं, पुढची कित्येक वर्षं तेच छापत राहिले. म्हणून डबा बघायचा. दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला 1974 मध्ये, तेव्हा डब्यावर बारकोड असेल तर 1971 विसरा. इथे पिवळ्या डब्यावर बारकोड नव्हता. गोष्ट आप्पांच्या हकिगतीशी जुळत होती. लाखाचं सोडा, पण पुरा संच असता तर काही हजार मी आनंदानं मोजले असते.

पुरा नव्हता. संच अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा. वँड्स, कप्स, सोर्ड्स, पेंटॅकल्स या चार रंगांचे प्रत्येकी चौदा, म्हणजे छप्पन्न, बरोबर. बाकीच्या बावीस मोठ्या मानाच्या पत्त्यांत एकवीसच. एकोणिसावा, 'सन', गायब. आप्पांना हाताला येईल ते खूण म्हणून वहीत घालायची सवय होती, म्हणून लॉजची सगळी रजिस्टरं झटकली. रेल्वेची तिकिटं निघाली, बिडीबंडलाचा कागद निघाला, पत्ता नाही.

निघताना आजींनी अडवलं. त्या पत्त्यांना हात लावून तसाच कसा जाणार? "हात धुय, देवले हात जोड, मंग जाय."

देव्हाऱ्यात खंडोबाची जुनी तसबीर होती. तिच्या चौकटीत खालच्या कोपऱ्यात एक चित्र खोचलेलं. पांढऱ्या घोड्यावर उघडं बाळ, हातात भलामोठा लाल झेंडा, मागे भिंतीवरून डोकावणारी सूर्यफुलं. खालचं इंग्रजी नाव चौकटीच्या पट्टीआड गेलेलं, तिच्या वर पामेलाची सही तेवढी दिसत होती. बाळाच्या कपाळावर हळदकुंकवाची पुटं चढलेली.

"हाऊ आमना बाळखंडेराव," आजी म्हणाल्या. "आप्पानी लायेल शे."

सून माझ्याकडे पाहत होती. तिला कळलं होतं. गप्प बसून निघून जाणं सोपं होतं, पण घरच्या माणसाला न सांगता घरातली वस्तू अशी लपवणं मला पटेना. बाहेरची गड्डी आणली आणि सांगितलं, आजी, हा यांच्यातलाच. हा मुळात खेळ होता, पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी इटलीत खेळायचे. भविष्याचं लचांड त्याच्यामागे अठराव्या शतकात लागलं.

इटलीचं त्यांना काही पडलं नव्हतं. त्यांनी सांगाड्याचा पत्ता पदराच्या टोकात धरून घेतला, देव्हाऱ्यातल्या बाळाशेजारी नेला आणि बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं.

"घोडं तं तेच शे."

त्यानंतर आजींनी उरलेले पत्ते एकेक करून पाहिले. कप्सच्या राणीजवळ थांबल्या, पेंटॅकल्सच्या राजाच्या अंगरख्यावरची द्राक्षं त्यांना आवडली. शेवटी निकाल दिला: बाळ जागेवरून हलणार नाही, बाकीचे पेटीत राहू देत, आप्पांची वस्तू आहे. सांगाडा मात्र मी न्यायचा. मी म्हटलं, आजी, मग संच आणखी मोडतो. त्या म्हणाल्या, मोडू दे.

सुनेला सांभाळायचं कसं ते सांगितलं. रबरबँड पुन्हा नको. खळ धुऊन काढलेल्या मलमलीत गुंडाळून डब्यात आडवे, वर हलकं वजन. डांबराची गोळी पत्त्यांना टेकू द्यायची नाही. श्रावणात एकदा उघडून कसर लागली का पाहायचं. बाळावरचं हळदकुंकू खरवडू नका, हेही सांगितलं, कारण साफसफाईच्या उत्साहात लोक नेमकं तेच करतात. पैसे त्यांनी घेतले नाहीत. रजिस्टरं तेवढी मी वजनावर घेतली.

गंजिफाचा, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या रंगवलेल्या गोल पत्त्यांतला, सुटा पत्ता लोक हौसेनं फ्रेम करून लावतात. टॅरोच्या सुट्या पत्त्याला गिऱ्हाईक नसतं, त्यातून तो 'डेथ' आणि कपाळावर रबराचा डाग. आता पुण्याच्या एका बाईंच्या संचातला नेमका तोच हरवलाय. मागच्या निळ्या जाळीचा फोटो आणि पट्टीनं मोजलेली लांबी-रुंदी पाठवून दिलीय. त्यांच्या डब्यावर बारकोड आहे म्हणतात, तेव्हा जुळेल असं वाटत नाही.