पहिली पायरी किती इंचांची आहे?

अलास्काच्या जहाजप्रवासाहून परत येऊन आता दोन महिने झाले, नातेवाइकांना छायाचित्रे दाखवून झाली, तरी ‘प्रवाशाला पायऱ्या चढता येतात का? होय / नाही’ हा सहलीच्या अर्जातला प्रश्न आठवला की माझे डोके अजूनही तापते. वृद्ध आईवडिलांना घेऊन असा प्रवास आखणाऱ्यांचा थोडा तरी मनस्ताप वाचावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे. अर्थात माझा राग थोडा निवावा, हेही एक कारण आहेच.

आम्ही आठ जण होतो. मी आणि माझे पती सिएटलजवळ राहतो. पुण्याहून आई-बाबा, दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुले आली होती. मुलगा 14 वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. बाबा 82 वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा डावा पाय उचलत नाही, त्यामुळे घरात काठी आणि बाहेर व्हीलचेअर अशी त्यांची व्यवस्था आहे. आई 76 वर्षांची असून तिचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. ती सावकाश चालते, पण तिला रांगेत उभे राहवत नाही. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला, कारण ‘उभे राहवत नाही’ असे लिहायला कोणत्याही अर्जात जागा नव्हती.

तिकिटे, खोल्या, अमेरिकेचा आणि कॅनडाचा व्हिसा हे सारे सुरळीत पार पडले. सात दिवसांचा प्रवास सिएटलहून निघून अलास्कातली जुनो, स्कॅग्वे, केचिकन ही बंदरे आणि शेवटी एका संध्याकाळपुरते कॅनडातले व्हिक्टोरिया असा होता. चारही ठिकाणी जहाज धक्क्याला लागणार होते, हे मी आधीच पाहून घेतले होते. जहाज खोल पाण्यात नांगर टाकून प्रवाशांना लहान होडीने किनाऱ्यावर नेणार असेल, तर व्हीलचेअरवरच्या माणसाचे उतरणे त्या दिवशीच्या लाटांवर अवलंबून राहते, म्हणून असा मार्ग निवडूच नये, असे माझे मत आहे.

किनाऱ्यावरच्या सहलींच्या यादीत प्रत्येक सहलीपुढे माणसांची चित्रे होती: एक माणूस म्हणजे सोपी, तीन म्हणजे दमवणारी. जुनोच्या मेंडनहॉल हिमनदीच्या सहलीपुढे एकच माणूस पाहून मला हायसे वाटले. तो माणूस केवळ चालण्याचे अंतर सांगतो, बसमध्ये चढण्याविषयी काहीही सांगत नाही, हे उमगायला मला पंधरा दिवस लागले. व्हीलचेअर असलेल्यांसाठी जहाज कंपनीच्या एका कक्षाचा वेगळा अर्ज होता आणि तो प्रवासाच्या 60 दिवस आधी भरायचा होता. त्यात खुर्चीची रुंदी, वजन, ती घडीची आहे का, बॅटरीवर चालते का, असे रास्त प्रश्न होते. त्यानंतर पायऱ्यांचा तो प्रश्न होता.

‘होय’ म्हटले, तर साधी मोठी बस मिळणार होती. खुर्ची घडी करून खालच्या कप्प्यात जाणार आणि चढायचे ज्याचे त्याने. ‘नाही’ म्हटले, तर लिफ्टची बस मिळणार होती, पण तिच्यात प्रवासी आणि सोबत एकच माणूस. बाबांचे खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी होते: उजव्या हाताला दांडा असेल आणि पायरी फार उंच नसेल, तर ते तीन पायऱ्या चढतात. मी सावधपणे ‘नाही’ लिहिले. आपली विनंती नोंदवली असून ती क्रमाने विचारात घेतली जाईल, असे उत्तर आले आणि त्यानंतर 11 दिवस काहीच आले नाही.

बाराव्या दिवशी कळले की बाबा आणि मी सकाळच्या बसमध्ये असू आणि उरलेले सहा जण पावणेतीन तासांनी सुटणाऱ्या दुसऱ्या बसमध्ये असतील. तीन पिढ्यांनी एकत्र हिमनदी पाहावी म्हणून आम्ही एवढा खटाटोप केला होता. आजोबा परत निघत असताना नातवंडे तिथे पोहोचणार, असा त्याचा अर्थ होता. मी साध्या बसची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच आहे, एवढाच प्रश्न लिहून पाठवला. ‘आमची सर्व वाहने लागू असलेल्या नियमांनुसार आहेत’ असे उत्तर आले. मी पुन्हा विचारले. अर्ज पुन्हा भरून पाठवावा, असे उत्तर आले. एकूण सात पत्रे आली, प्रत्येकाखाली वेगळे नाव होते, प्रत्येकाच्या आरंभी आमच्या संयमाबद्दल आभार होते आणि एकाही पत्रात इंच हा शब्द नव्हता.

शेवटी आम्हीच मोजायला सुरुवात केली. मी सिएटलमध्ये उभ्या असलेल्या एका पर्यटन बसच्या चालकाची परवानगी घेतली आणि टेपने पायरी मोजली: रस्त्यावरून 14 इंच, पण पदपथाच्या कडेवरून मोजली तर आठच. तिकडे पुण्यात दादाने देवघरातला चौरंग काढून खिडकीपाशी ठेवला. त्याची उंची 11 इंच भरली. बाबांनी उजव्या हाताने खिडकीचा गज धरला, उजवा पाय चौरंगावर ठेवला आणि डावा वर ओढून पाहिला, पण तो अर्ध्यातच अडला. वहिनीने स्वयंपाकघरातला जेवणाचा पाट आणून चौरंगाच्या पुढे ठेवला. तो तीन इंचांचा. आधी पाट, मग चौरंग, असे बाबा चढले आणि वर उभे राहून व्हिडिओ कॉलवर मला म्हणाले, “त्यांना सांग, आठ इंचांपर्यंत माझी हमी.” म्हणजे प्रश्न लिफ्टचा नव्हताच, बस पदपथाला लागून उभी राहणार असेल किंवा चालकाकडे एक बुटके स्टूल असेल, तर काम भागणार होते.

ही सर्व मोजमापे मी पत्राने कळवली. उत्तर आले की वैद्यकीय तपशील ई-मेलने पाठवू नयेत. तेव्हा मात्र मी दूरध्वनी केला. 47 मिनिटे संगीत ऐकल्यानंतर एक बाई बोलल्या आणि त्यांनी दोन मिनिटांत जे सांगितले, ते सात पत्रांनी सांगितले नव्हते. त्या म्हणाल्या की बस जहाज कंपनीच्या नसतात, त्या त्या गावातल्या कंत्राटदाराच्या असतात आणि कोणत्या दिवशी कोणती बस येईल, हे या कक्षाला ठाऊकच नसते. मला त्यांचा राग आला नाही. ज्यांना बस कशी दिसते हे माहीत नाही, त्यांच्याकडून मी सव्वा महिना पायरीची उंची काढू पाहत होते, याचा आला.

त्याच रात्री मी हिमनदीची सहल रद्द केली, आणि पैसे तीन दिवसांत बिनतक्रार परत आले, हेही सांगितले पाहिजे. जुनोमध्ये रॅम्प असलेली मोठी व्हॅन चालवणारा एक जण शोधून काढला आणि त्याच्याशी थेट बोलले. मी काही विचारण्याआधीच त्याने “तुमच्या वडिलांना खुर्चीतच बसून यायचे आहे की सीटवर बसायला आवडेल?” असे विचारले, तेव्हा मला अक्षरशः भरून आले. आठ जणांत विभागल्यावर खर्च बसच्या तिकिटांपेक्षा थोडाच अधिक पडला.

स्वतः ठरवलेल्या सहलीत एक धोका असतो, तो लक्षात ठेवावा. जहाजाच्या सहलीला उशीर झाला, तर जहाज सहसा आपल्या प्रवाशांसाठी थांबते. खाजगी गाडीसाठी थांबत नाही. शिवाय अलास्काची वेळ सिएटलच्या एक तास मागे आहे, त्यामुळे घड्याळ जहाजाच्या वेळेनुसारच लावून ठेवावे. मी जहाज सुटण्याच्या चार तास आधीची परतीची वेळ ठरवली होती. माझ्या पतींना ती भित्रेपणाची वाटली; मी ती बदलली नाही.

हिमनदी जुनो गावापासून साधारण 20 किलोमीटरवर आहे. तिथे 1962 साली बांधलेले माहितीकेंद्र आहे आणि तिथून हिमनदीसमोरच्या टोकापर्यंत सुमारे अर्ध्या किलोमीटरची फरसबंद वाट आहे. त्या वाटेवर व्हीलचेअर एकदाही अडली नाही. दादा मुलांना घेऊन नगेट धबधब्याच्या पायथ्यापर्यंत चालत गेला. तो 377 फुटांचा धबधबा बाबांना या काठावरूनही पुरेसा दिसत होता. आई बाकावर बसून राहिली. तिथे बाके आहेत, हे व्हॅनवाल्याने आधीच सांगितले होते. कुठलीही सहल ठरवताना गाडी थांबते तिथपासूनचे अंतर, बसण्याची जागा आणि शौचालय या तीन गोष्टी विचाराव्यात. ‘सहल सोपी आहे का?’ असे विचारू नये.

भरती-ओहोटीविषयी आधीच लिहायला हवे होते. अलास्काच्या या भागात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत वीस फुटांपर्यंत फरक पडतो, त्यामुळे जहाजातून धक्क्यावर उतरण्याचा उतार सकाळी सौम्य आणि दुपारी तीव्र असू शकतो. देवमासे पाहायला नेणाऱ्या लहान बोटी तरंगत्या धक्क्याला लागतात, तेव्हा तर हा फरक थेट आपल्या पायांखाली येतो. बाबांचे बालपण रत्नागिरीत गेले आहे. मी संगणकावर भरतीचे तक्ते उघडून बसले होते, तेव्हा त्यांनी फोनवर तिथी विचारली. वद्य नवमी आहे म्हटल्यावर “मग भांग आहे, पाणी फार खाली जायचे नाही,” असे त्यांनी तक्ता न पाहता सांगितले, आणि तक्त्यातही तेच होते. (भांग म्हणजे उधाणाच्या उलट, भरती-ओहोटीत कमी फरक पडण्याचे दिवस.) तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचे त्यांचे गणित मात्र कोकणच्या किनाऱ्याचे आहे. ते जुनोला चालत नाही, त्यासाठी अमेरिकी सरकारचे तक्तेच पाहावेत. आम्ही देवमाशांची बोट त्या हिशेबाने ठरवली आणि खुर्ची उतारावरून पाठीमागच्या दिशेने खाली नेली. उतारावर बसलेल्याचे तोंड वरच्या बाजूला आणि धरणाऱ्याची पाठ खालच्या बाजूला असावी, हे आम्हाला जहाजावरच्या खलाशाने शिकवले.

स्कॅग्वेची रेल्वे जहाजामार्फतच घेतली, कारण तिच्यात व्हीलचेअरसाठी लिफ्ट असलेले डबे आहेत आणि ते आधी सांगून राखून ठेवता येतात. सोन्याच्या शोधात निघालेल्या लोकांसाठी 1898 मध्ये या रुळांचे काम सुरू झाले आणि 1900 मध्ये पूर्ण झाले. तीन फुटी रूळ पाहून वहिनीला माथेरानची गाडी आठवली. माथेरानचे रूळ दोन फुटी आहेत, ही दुरुस्ती माझ्या भाच्याने तत्परतेने केली. 2,865 फुटांवरच्या खिंडीपर्यंत जाऊन गाडी परत फिरते, कुठेही उतरावे लागत नाही आणि सर्वांना एकच दृश्य एकाच वेळी दिसते. म्हाताऱ्यांना आणि मुलांना घेऊन करण्यासारखी याहून चांगली सहल मला या प्रवासात आढळली नाही.

केचिकनला मात्र माझीच चूक झाली. तिकिटावर केचिकन लिहिले होते, पण आमचे जहाज वॉर्ड कोव्ह येथे लागले, जे गावापासून सुमारे सात मैलांवर आहे. तिथून गावात बसने जावे लागते. धक्का आहे की नाही हे मी पाहिले होते; कोणता धक्का, हे पाहिले नव्हते. अलास्कातल्या बंदरांचे वेळापत्रक धक्क्यांच्या नावांसह आधीच प्रसिद्ध होते, ते जरूर पाहावे. पाऊसही होता. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बाबांनी आकाशाकडे पाहून “आपल्यासारखाच आहे,” एवढेच म्हटले. क्रीक स्ट्रीट या गावातल्या रस्त्याच्या लाकडी फळ्या ओल्या असल्यामुळे आम्ही खुर्ची तिकडे नेली नाही. परतीच्या बसच्या चालकाने आपल्या आसनाखालून एक पिवळे प्लॅस्टिकचे स्टूल काढले आणि पायरीपुढे ठेवले. बाबा लिफ्टची वाट न पाहता दांडा धरून चढले. मी त्या स्टुलाचे छायाचित्र काढून ठेवले आहे.

व्हिक्टोरियाला रात्री उशिरा पोहोचल्यामुळे आई-बाबा जहाजावरच राहिले.

एक सांगायचे राहिले. व्हीलचेअरची कापडी बैठक एकदा भिजली की जहाजाच्या खोलीत दोन दिवस वाळत नाही. केचिकनच्या पावसानंतर बाबांना व्हिक्टोरियापर्यंत दुमडलेल्या टॉवेलवर बसावे लागले. बैठकीच्या मापाचे जाड प्लॅस्टिक घरूनच कापून न्यावे.