परसातल्या तळ्यापर्यंत वीज नेताना

सासूबाईंनी तळ्यातलं कुजलेलं पान काढायला हात घातला आणि झटकन मागे घेतला. “अगो, पाण्यात कायतरी चावतंय,” म्हणाल्या. मासा असेल असं त्यांना वाटलं. आमच्या तळ्यात गप्पी मासे, ते कसले चावतात! मी धावत पडवीत गेले आणि पंपाचा प्लग उपटला. माझे हात बराच वेळ थरथरत होते.

आमचं घर गोव्यात, डिचोलीत. परसात चिऱ्यांनी (जांभ्या दगडांनी) बांधलेलं आठ बाय पाच फुटांचं तळं आहे, त्यात साळकं फुलतात. पाणी फिरतं राहावं म्हणून छोटा पंप बसवला होता. त्याला वीज मिळत होती पडवीतून ओढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डातून. बोर्ड जास्वंदीला टांगलेला, वर प्लास्टिकची पिशवी. मध्ये वायरला जोड देऊन काळी टेप गुंडाळलेली, आणि तो जोड गवतात. दोन पावसाळे हे असंच चाललं होतं. “घरात एमसीबी (आपोआप वीज तोडणारा स्विच) आहे, काही झालं तर पडेल,” हीच माझी समजूत होती.

ती किती चुकीची होती ते लायसन्सवाल्या वायरमनने समजावलं. ते वयाने मोठे, मी त्यांना दादा म्हणते. म्हणाले, “बाई, एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नव्हे. तुमची 16 अँपिअरची. माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा छोटासा हिस्सा पुरतो. तेवढ्याने ती हलणारसुद्धा नाही.” माणसासाठी आरसीसीबी लागते. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ती सतत ताडून बघते. फरक 30 मिलीअँपिअरपर्यंत पोचायच्या आत दोन्ही तारा तोडते. आमच्या जुन्या घरात ती नव्हतीच.

मग त्यांनी अर्थिंग मोजलं. मे महिना, जमीन तापलेली. मीटरवर 18 ओहम आले. दादांनी माझ्याकडूनच हिशेब करून घेतला: घरातले 230 व्होल्ट भागिले 18, म्हणजे 13 अँपिअरसुद्धा नाहीत. पंपाच्या धातूच्या भागाला थेट फेज लागला तरी 16 ची एमसीबी पडणार नाही आणि त्या भागात वीज तशीच राहील. मी शाळेत भागाकार शिकवते, पण एखाद्या भागाकाराची अशी भीती कधी वाटली नव्हती. चिऱ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही, म्हणून उन्हाळ्यात अर्थिंग असं कमजोर होतं. नवा खड्डा आम्ही केळीजवळ घेतला. मोरीचं पाणी तिथेच जातं, त्यामुळे माती बारमाही ओली. तिथे 6 ओहम आले. तरीही दादांचं म्हणणं ठाम होतं: अर्थिंग चांगलं हवंच, पण भरवसा आरसीसीबीवर, आणि ती तळ्याकडे नव्हे, घरात, लाइन निघते तिथेच. म्हणजे अख्खी केबल तिच्या राखणीत येते. तळ्यासाठी ती वेगळी बसवली, तळ्यात बिघाड झाला तर घरातला फ्रीज बंद पडू नये म्हणून.

केबल तीन कोअरची, 2.5 चौरस मिलिमीटरची, तांब्याची, आर्मर्ड, म्हणजे वरून पोलादी तारांचं कवच असलेली. पंप जेमतेम 40 वॉटचा, त्याला एवढी जाड केबल कशाला, असं मी विचारलं. घुशी आहेत, उद्या कोणी माड लावायला कुदळ मारेल, हे उत्तर. वरच्या पोलादी तारांनाही अर्थ जोडतात. कुदळ आत घुसली तर फेज आधी त्या तारांना टेकतो आणि आरसीसीबी वीज तोडते.

खोदाईने मात्र घाम काढला. पडवीपासून तळं 24 मीटर. अडीच फूट खोल जायचं होतं. आंब्याच्या मुळांना वळसा घातला तो वेगळाच. पुढे पाचेक मीटरवर दीड फुटाखाली अखंड चिरा लागला. पहार मारली की ठिणगी उडायची. तेवढ्या भागात केबल लोखंडी पाइपातून नेऊन वर काँक्रीट ओतलं. बाकी चरात खाली वाळू, केबल, परत वाळू, मग विटा, आणि थोडी माती टाकून लाल इशाऱ्याची पट्टी. बुजवण्याआधी मी घराच्या कोपऱ्यापासून मापं घेऊन नकाशा काढला. तो डीबीच्या (स्विचांच्या मुख्य पेटीच्या) दाराला आतून चिकटवलाय. ज्याच्या परसात केबल पुरली जाईल त्याने एवढं तरी करावंच.

तळ्यापासून दोन मीटरवर चिऱ्याचा खांब उभारून त्यावर वॉटरप्रूफ बॉक्स बसवला, सगळ्या वायरी खालून आत. पंप नवा घेतला, त्याची दहा मीटरची वायर कुठेही न जोडता सरळ बॉक्सपर्यंत येते. दिवे 12 व्होल्टचे. त्यांचा ट्रान्सफॉर्मर बॉक्सात, पाण्यातल्या दिव्यांपर्यंत फक्त 12 व्होल्ट. चालू करण्याआधी मेगरने (वायरचं आवरण तपासायच्या मीटरने) 500 व्होल्टवर केबल तपासली. आरसीसीबी यंत्र लावून पाहिली, ती 24 मिलीअँपिअरला पडली. पडल्याचा तो खट्ट आवाज ऐकून सासूबाईंनी देवाला हात जोडले.

मिरगाचा पाऊस सुरू झाला आणि तिसऱ्याच रात्री आरसीसीबी पडली. वर केली, परत पडली. तिसऱ्यांदा वर करायला मी धजले नाही. दादा सकाळी आले. पंप काढला, तरी पडतेच. दिवे काढले, तरीही. मग मेन बंद करून बॉक्स उघडला. पंपाच्या वायरीसाठी बसवलेली ग्लँड (वायर बॉक्सात शिरते तिथलं घट्ट कडं) एक माप मोठी होती. त्या फटीतून लाल मुंग्या आत शिरल्या होत्या, टर्मिनलवर त्यांची पांढरी अंडी आणि ओली माती. पंप आणि दिवे निघाले तरी ती माती जागेवरच होती, करंट तिच्यातून अर्थला जात होता. सगळं साफ करून, सुकवून, वायरीला घट्ट बसणारी ग्लँड लावली. न वापरलेल्या भोकाला बूच मारलं. तेव्हापासून चवथीच्या धो धो पावसातही ती पडलेली नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला मी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबते. स्वयंपाकघराच्या दाराशी तळ्याचा वेगळा स्विच आहे, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, लाल दिव्याचा. सासूबाई पानं काढायला निघाल्या की आधी तो बंद करतात, दिवा विझलेला डोळ्यांनी बघतात आणि मगच पायऱ्या उतरतात.