फियाटचा स्पीकर आणि पीएमटीचं तिकीट

रविवार, रात्री

आज शेवटी फियाटच्या मागच्या काचेखालची फळी उचकटली. नाव प्रीमियर पद्मिनी, साल १९७९, पण आमच्या घरात तिला पद्मिनी कुणी म्हटल्याचं आठवत नाही. गाडी आली त्याच वर्षी बाबांनी रेडिओ बसवून घेतला आणि त्याला हा एकच स्पीकर, सहा बाय चार इंची, लंबगोल. गेलं वर्षभर जरा मोठा केला की पत्रा थरथरल्यासारखा वाजायचा.

तीन स्क्रू निघाले, चौथा ड्रिल मारूनच काढावा लागला. स्पीकर हातात आला तर कागदी कोन, म्हणजे थरथरून आवाज काढणारा शंकू, खारी बिस्किटासारखा झालेला. बोट लावलं की भुगा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं पाठीवर ऊन खाल्ल्यावर कागदाचं दुसरं काय होणार? कोनाला मागून एक ठिगळ होतं, डिंकाने चिकटवलेलं. पीएमटीचं, म्हणजे तेव्हाच्या पुण्याच्या सिटी बसचं तिकीट! तो कागद आणि ती छपाई विसरणं शक्य नाही. काम बाबांचंच. ते स्वतः मात्र ऑफिसला सदाशिव पेठेतून शिवाजीनगरपर्यंत चालत जायचे. पेट्रोल राखून ठेवायचं ते रविवारसाठी. तिकीट आमच्यापैकी कुणाच्या तरी दप्तरातलं असणार.

सोमवार

चिरंजीवांचं म्हणणं, नवीन घ्या आणि मोकळे व्हा. घेतला. तपकीर गल्लीत त्याच मापाचा मिळाला, दिसायलाही देखणा. घरी येऊन जोडला, पाच मिनिटं छान वाजला आणि मग रेडिओच्या मागून गरम वास यायला लागला. लगेच बंद केला. जोडायच्या आधी जे करायचं ते नंतर केलं, मल्टिमीटर काढून दोन्ही स्पीकरचे ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजले. जुना स्पीकर सातच्या आसपास दाखवतो, म्हणजे ८ ओहमचा (मीटर थोडं कमीच दाखवतं). नवा ४ ओहमचा. ओहम निम्मे झाले की रेडिओच्या आउटपुट ट्रान्झिस्टरला दुप्पट करंट द्यावा लागतो, आणि त्या जुन्या सेटला ते झेपत नाही. ट्रान्झिस्टर उडाला असता तर त्या जातीचा शोधत मी जुन्या बाजारात किती बुधवार आणि किती रविवार घालवले असते कोण जाणे. चूक सर्वस्वी माझी. इंजिनिअर म्हणवून घेतो वर.

मंगळवार

बुधवार पेठेत एक स्पीकर दुरुस्त करणारे आहेत. दारावर पाटी: 'गणपती होईपर्यंत नवीन काम घेतले जाणार नाही. चौकशीही करू नये.' आत मंडळांचे अठरा इंची स्पीकर छतापर्यंत रचलेले. मी पिशवीतून माझा काढला.

"हा काय, खेळण्यातला?"

पण हात पुढे आला होता. दोन्ही अंगठ्यांनी कोन हलकेच दाबून त्यांनी कानाशी धरला. मग पेन्सिल सेलला दोन वायरी टेकवल्या. टक्. "कॉइल जिवंत आहे, पण घासतेय. आणि तुमची खरखर या तिकिटाची आहे. एका बाजूने सुटलंय, फडफडतं. ठिगळ कुणी लावलं?"

"बाबांनी."

"कागद जाड झाला, काका. असल्या ठिकाणी पतंगाचा कागद लावायचा, आणि गोंद नावाला."

कोन आणि त्याच्या मागची तारेची कॉइल एकत्रच बदलतात म्हणे. ८ ओहमची कॉइल असलेला एवढा लहान कोन शोधायला दोन-तीन दिवस लागतील. पाटीचं काय, असं मी विचारलं नाही.

शनिवार

समोर बसून बघितलं. जुना कोन ब्लेडने गोल कापून काढला, मग मॅग्नेटच्या त्या बारीक खाचेत चिकटपट्टीची दुमडलेली पट्टी फिरवली. वर आली ती काळी होऊनच, सगळा लोखंडाचा कीस. तोच घासत होता. नवी कॉइल खाचेत बरोबर मधोमध उभी राहावी म्हणून तिच्या आत एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या खोचल्या. कुणाच्या तरी बरगड्या त्या. रात्रभर गोंद वाळू द्यायचा, पट्ट्या ओढून काढायच्या, मग मधली टोपी चिकटवायची. आता मूळचं म्हणावं तर पत्र्याची चौकट आणि मॅग्नेट, एवढंच उरलं. तरी मी सगळ्यांना ओरिजिनलच सांगणार.

सोमवार

काल सकाळी बसवला. आईला मागे बसवून कर्वे रस्त्याने निघालो. ७९२ किलोहर्ट्झ, पुणे केंद्र. मेट्रोच्या पुलाखाली आवाज बसतो, बाहेर पडलो की पुन्हा येतो. खरखर नाही. नव्या गाडीतल्यासारखा धमधमाट तर मुळीच नाही, निवेदकाचा आवाज मात्र समोर बसून बोलल्यासारखा. मला तेवढाच हवा होता.

जुना कोन पिशवीत आईच्या शेजारीच होता. तिने काढून चष्म्याजवळ धरला, बराच वेळ.

"हे तिकीट यांच्याच खिशातलं. मागे पेन्सिलीने हिशेब केलाय, अक्षर यांचंच आहे."

मी आरशात बघितलं.

"मला तर सांगायचे, चालत जातो म्हणून."