देजिमाच्या पुलावरचे दुभाषे

नागासाकीच्या बंदरातले देजिमा हे पंख्याच्या आकाराचे कृत्रिम बेट १६३६ साली पोर्तुगीजांसाठी बांधून पूर्ण झाले, कारण गोवा-मकाव मार्गाने येणारा त्यांचा व्यापार शोगुनांना, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांना, हवा होता, धर्म मात्र नको होता. तीनच वर्षांत पोर्तुगीजांची हकालपट्टी झाली आणि १६४१ पासून तिथे डच ईस्ट इंडिया कंपनीची मोजकी माणसे राहू लागली. परवानगीशिवाय पूल ओलांडून शहरात पाऊल टाकण्याची त्यांना मुभा नव्हती.

डेव्हिड मिचेल यांची ‘द थाउजंड ऑटम्स ऑफ जेकब द झूट’ ही २०१० साली प्रकाशित झालेली कादंबरी १७९९ मधल्या याच नागासाकीत सुरू होते. दोन संस्कृतींचा संघर्ष म्हटला की लेखक सहसा तलवारी उपसतात. मिचेल मात्र तो जकातीच्या झडतीत, हिशेबाच्या वह्यांत आणि बाळंतिणीच्या खोलीत दाखवतात, आणि म्हणूनच तो मला खरा वाटतो. ख्रिस्ती ग्रंथ जपानमध्ये आणणे हा गंभीर गुन्हा असताना डच कंपनीचा कारकून जेकब आपल्या घराण्यात चालत आलेले स्तोत्रांचे पुस्तक सामानात लपवून आणतो. दुभाषा ओगावा उझाएमोन याच्या ते हाती लागते आणि तो कुठेही वाच्यता करत नाही. परक्या माणसासाठी त्याने पत्करलेला हा धोका मला साऱ्या कादंबरीतला सर्वांत धीट प्रसंग वाटतो.

दुभाष्यांना दिलेले हे महत्त्व इतिहासाला धरूनच आहे. नागासाकीत दुभाषेगिरी वंशपरंपरेने चाले, आणि डच वैद्यक, खगोलशास्त्र व भूगोल जपानी विद्वानांपर्यंत पोहोचवण्यात या घराण्यांचा मोठा वाटा होता. सुगिता गेनपाकू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डच शरीरशास्त्राचा ग्रंथ १७७४ साली जपानीत आणला, त्यामागेही हीच ज्ञानपरंपरा होती. चेहऱ्याची एक बाजू भाजलेली सुईण ओरितो पहिल्याच प्रकरणात एक अडलेले बाळंतपण पार पाडते, तेव्हा तिच्या हातांमागे युरोपीय प्रसूतिशास्त्रातली चित्रे असतात.

डोंगरातल्या मठात घडणारा मधला भाग मात्र मला रहस्यकथेकडे अधिक झुकलेला वाटला. देजिमावरच्या बारीकसारीक व्यवहारांत जी पकड आहे, ती तिथे सुटते. शेवटाकडे इंग्रज युद्धनौका बंदरात शिरते, तेव्हा कथा पुन्हा उभी राहते. याला आधार आहे तो ‘फीटन’ या इंग्रज युद्धनौकेच्या १८०८ मधल्या प्रकरणाचा, जे मिचेल यांनी काही वर्षे आधी घडवले आहे. त्या प्रकरणात बंदराचे रक्षण करता आले नाही म्हणून नागासाकीचे दंडाधिकारी मात्सुदाइरा यासुहिदे यांनी सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, केले होते.