तुम्ही विचारलंत म्हणून: साडेतीन वर्षांच्या मुलाला कुठल्या क्लासला घालू?

बालवाडी सुटताना फाटकाशी हा प्रश्न हमखास येतो. स्केटिंग की जिम्नॅस्टिक? परवा तर एका आजोबांनी नातवाला जुम्मादादा व्यायाम मंदिरात कधी घालता येईल, असं विचारलं. व्यायामगुरू माणिकरावांच्या त्या आखाड्याचा बडोद्याच्या मराठी घरांत अजून अभिमान आहे, तेव्हा आजोबांचा जीव तुटणं समजतं. पण मी म्हटलं, आधी त्याला जिना उतरू द्या.

आमच्या बालवाडीतून अंगणात उतरायला सात पायऱ्या आहेत. तीन वर्षांचं मूल चढताना एकेका पायरीवर एकेक पाय टाकतं, पण उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जोडतं. चौथ्या वर्षाच्या आगेमागे उतरतानाही पाय आलटूनपालटून पडू लागतात. गेल्या वर्षी एक मुलगा कठडा दोन्ही हातांनी धरून खेकड्यासारखा तिरका उतरायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याचा एक हात सुटला. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या दिवशी बघते तर हा पतंगाच्या मांज्याची फिरकी पोटाशी धरून, आभाळाकडे बघत खाली येतोय! माझ्याच पोटात गोळा आला.

एवढ्या अवधीत त्याचे पाय काही जाडजूड झाले नव्हते, शेवग्याच्या शेंगाच होत्या. या वयात ताकद येते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. कुठल्या स्नायूला कधी हाक मारायची, किती जणांना एकदम कामाला लावायचं, हे मेंदू शिकत असतो. स्नायू भरण्याचं काम वयात आल्यावरचं. नवरात्रात सोसायटीच्या गरब्यात बघा. तीन वर्षांचं मूल टाळी तरी वाजवतं नाहीतर पाऊल तरी टाकतं. पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही जमतं, वर गिरकी.

सुरुवातीला मीही शिट्टी घेऊन रांग लावायची. हात वर, हात खाली, दहा वेळा. चौथ्या खेपेला निम्मी मंडळी जमिनीवर. मला वाटायचं, दूधभात कमी पडतोय. आणि दोनच मिनिटांत तीच मंडळी लिंबाच्या झाडाभोवती गरागरा पळताना दिसायची. लहान मुलांची मेहनत अशी तुकड्यातुकड्यांत होते. काही सेकंद सुसाट, मग मुंगी बघायला थांबायचं, की पुन्हा सुसाट. त्यांचा दम लवकर लागतो आणि लवकर जिरतो. मोजून दहा करायला लावलं की हे सगळं बिघडतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली, त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी. तीन तास ऐकून आया दचकतात. पण त्यात अंगणातलं, गच्चीवरचं, दुकानापर्यंत चालणं, सगळं धरायचं असतं. मोबाइल-टीव्ही फार तर तासभर, आणि झोप १० ते १३ तास. रविवारी बडोद्याच्या कमाटीबागेत नेतो की, असं काहीजण ऐकवतात. नेता, पण भेळ खाऊ घालता आणि कडेवर घेऊन परत येता. सयाजीरावांनी १८७९ मध्ये एवढी बाग केली, त्यातली हिरवळ तेवढी पोराच्या पायाला लागत नाही.

खरी अडचण घरातल्या मोठ्यांची. मूल ओट्यावर चढलं की आतून "पडशील!" आणि शेजारून "पडी जइश!" असा दोन भाषांत एकदम पुकारा. दचकून जे पडायचं नसतं तेही पडतं.

क्लासचं पुढे बघू. सहाव्या वर्षी काही बिघडत नाही. आत्ता तुम्ही त्याचा हात वरून धरून जिना उतरवता ना, त्याने त्याचा तोल तुमच्याच हातात राहतो. हात सोडा आणि त्याच्या एक पायरी खाली, त्याच्याकडे तोंड करून उभे राहा. घसरलाच तर तुमच्या अंगावर येईल. आणि हो, मोजे काढून ठेवा.