छापील लोलकाची मागची बाजू

सोळाव्या शतकातली युरोपियन नक्षीचित्रं हल्ली दागिने घडवणाऱ्यांना आयती मिळतात. संग्रहालयांनी स्कॅन करून ठेवली आहेत. उतरवून घ्या, ट्रेस करा, लेझरवर कापा. असं कापलेलं काम मला लांबूनही ओळखू येतं. बिस्किटासारखं सपाट!

नक्षीकार हान्स कोलार्टचे लोलक, म्हणजे गळ्यात लोंबणाऱ्या पदकांचे नमुने बघा. प्रकाशक फिलिप्स गालेने ते १५८१-८२ मध्ये अँटवर्पला (आजच्या बेल्जियममध्ये) छापले. समुद्री राक्षस, पाठीवर स्वार, खाली लोंबते मोती. छायेच्या बारीक रेघांमुळे उठाव दिसतो, पण पत्रा किती जाड घ्यायचा, मीना (भट्टीत वितळवून चढवलेला काचेचा रंगीत थर) कुठल्या रंगाचा, स्वार वेगळा ओतायचा की ठोकून उठवायचा, हे कुठेच नाही. त्या काळच्या सोनाराला ते सांगायची गरजच नव्हती. आपल्याला आहे, आणि तिथेच नकलेची दांडी उडते.

माझा लाडका नक्षीकार दानिएल मिन्यो. १५९० च्या दशकात जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये त्याने जे नमुने काढले, त्यातल्या काही पानांवर लोलकाशेजारी सुटे तुकडेही आहेत. नुसती शोभा म्हणून सोडून देऊ नका, ते थर आहेत. एक जाळीदार पत्रा, त्यावर दुसरा, सगळ्यात वर रत्नाचं कोंदण. मीना चढल्यावर त्या तुकड्याला डाख देणं (धातू वितळवून सांधणं) म्हणजे केलेलं काम घालवणं. आचेने मीना तडकतो, वितळतो. म्हणून तुकडे वेगवेगळे भट्टीतून काढायचे आणि शेवटी पिनांनी जोडायचे. ही पानं मी चित्र म्हणून बघतच नाही, कामाचा क्रम म्हणून वाचते.

काळ्या छायाकृतींच्या नमुन्यांचंही तसंच. काळा भाग कोरून खोल करायचा, त्यात मीना भरायचा.

मुळात तांब्याच्या पत्र्यावर कोरून केलेली ही छपाई सोनाराच्याच कोरणीतून आली. जर्मन चित्रकार आणि छापचित्रकार ड्यूररचे वडील सोनार, तोही आधी त्यांच्याच हाताखाली शिकला. (आणि हो, तांब्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. स्वाराने तलवार डाव्या हातात धरली असेल तर आधी छापाकडे संशयाने बघा.)

कागद हलका, त्यामुळे एका शहरातली नक्षी दुसऱ्या शहरात सहज पोचायची. म्हणूनच संग्रहालयांत जुन्या लोलकांखालच्या पाट्यांवर ‘जर्मन किंवा नेदरलँड्स’ असं मोघम लिहिलेलं असतं. मला त्यात आळस दिसत नाही. नुसत्या नक्षीवरून याहून जास्त सांगणं धाडसाचंच.